उजवे आसन, डावे आसन

शाळेची प्रार्थना आटोपून मुले रांगेने वर्गांकडे वळू लागतात, त्या सुमारास पेडणे तालुक्यातील आमच्या शाळेवरून पुष्कळदा एक विमान जाते. ते आकाराने फार मोठे नसते. त्याचे पंख पाठीवर असतात, पंखांना दोन इंजिने असतात आणि त्या इंजिनांपुढे गरगरणारे पंखे खालूनही ओळखू येतात. मुले माना वर करतात. शिक्षक त्यांना दटावतात आणि मग हळूच स्वतःही वर पाहतात. जेथून हे विमान उडते तो मोपाचा सडा आम्ही लहानपणापासून पाहत आलो. पावसाळ्यात त्यावर गवत माजे, धनगरांची गुरे चरत आणि शिमग्याच्या सुमारास उघड्या कातळावाचून तेथे काही दिसत नसे. त्याच सड्यावर ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली. कोणाची जमीन गेली, कोणाला टॅक्सी मिळाली, कोणाच्या मुलाला सामान तपासण्याची नोकरी लागली. या सर्व गोष्टींची चर्चा गावात होत असते. परंतु गेल्या जून महिन्यात आमच्यापुढे जो प्रश्न येऊन उभा राहिला, तो त्या सर्वांहून निराळा होता.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. विमानतळावर टॅक्सी चालविणारे एक पालक आमच्या खोलीत आले. मुलगा आमच्याच शाळेत बारावीच्या विज्ञान शाखेत. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी एका दमात सांगून टाकले, "सर, झील म्हणता पायलट जातलो." मुलगा पायलट होणार म्हणतो, हे सांगताना त्यांच्या मुद्रेवर अभिमान होता आणि धास्तीही होती. विमान चालविण्याचे शिक्षण घ्यायचे तर पन्नास लाखांच्या आसपास खर्च येतो आणि त्यापुढचे विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण धरले तर आकडा आणखी वर जातो, एवढी माहिती त्यांनी काढली होती. बँक कर्ज देण्यास तयार होती. मात्र राहते घर आणि त्यामागचे माडांचे भाट गहाण टाकावे लागणार होते. "तुम्ही शिकलेले. तुम्ही हो म्हटलेत तर सही करतो," ते म्हणाले.

वाचकहो, तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही अनेक मुलांना अनेक वाटा सुचविल्या. त्यांतील एक सल्ला अगदी चुकीचा होता आणि तोही याच विषयातला होता. त्याची हकीकत पुढे येईलच. त्या आठवणीमुळे आम्ही त्या गृहस्थांकडे महिन्याभराची मुदत मागितली, आणि ज्या विद्येचा आमच्या मराठीच्या एम. ए. शी सुतराम संबंध नाही त्या विद्येची चौकशी करू लागलो. आमचा एक माजी विद्यार्थी आज अशाच एका लहान विमानावर सहवैमानिक आहे. त्याने आम्हांला पुष्कळ गोष्टी समजावून दिल्या. इंदूर, बडोदे, हैद्राबाद, बंगळूर, कोठेही असलेल्या मराठी घरात हा प्रश्न आज ना उद्या येणार, असे वाटल्यावरून जे उमगले ते येथे मांडीत आहो.

प्रथम गोव्याचे विमान-पुराण थोडक्यात सांगितले पाहिजे. गोव्याला स्वतःची विमान कंपनी मिळाली ती आजची नव्हे. पोर्तुगीज अमदानीत १९५५ साली दाबोळीचा विमानतळ सुरू झाला आणि त्याच सुमारास येथील सरकारने एक छोटी विमान कंपनी काढली. तिची विमाने दमण, दीव आणि कराचीकडे जात. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, आणि तीतून वाट काढण्यासाठीच ही कंपनी जन्मली होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि ती कंपनीही संपली. दाबोळी नौदलाकडे गेले. पुढे १९८१ मध्ये लहान गावांसाठी 'वायुदूत' निघाली. तिच्या विलीनीकरणाचा निर्णय १९९३ मध्ये झाला. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या 'एअर डेक्कन'ने पंख्यांच्या छोट्या विमानांनी स्वस्त प्रवास सुरू केला. आज तीही त्या रूपात उरलेली नाही. लहान गावांना जोडणाऱ्या विमान कंपन्यांचे आयुष्य हे असे, मोठ्या झाडाखालच्या रोपासारखे. कधी राजकारण, कधी इंधनाचा भाव, तर कधी थोरल्या कंपनीची सावली त्यांच्यावर पडते.

या मालिकेतील आजची कंपनी म्हणजे 'फ्लाय नाइंटीवन'. नावातील एक्क्याण्णव हा आकडा भारताच्या दूरध्वनी क्रमांकाचा. 'जस्ट उडो एव्हिएशन' या नावाने नोंदलेल्या या कंपनीचे ठाणे गोव्यात असून तिची विमाने मोपाहून सुटतात. १८ मार्च २०२४ रोजी तिची नियमित प्रवासी उड्डाणे सुरू झाली. बंगळूर, हैद्राबाद, सिंधुदुर्ग, जळगाव, लक्षद्वीपमधील अगत्ती अशी गावे तिने प्रारंभीच्या काळात जोडली. जून २०२५ मध्ये सोलापूरचीही भर पडली. आमच्या शाळेवरून जाणारे ते पंख्यांचे विमान याच जातीचे. एटीआर ७२ हे त्याचे नाव. फ्रान्समधील तुलूझ येथे ते तयार होते आणि त्यात सत्तरच्या आसपास माणसे बसतात. अगत्तीची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटर लांब, दोन्ही टोकांना समुद्र. मोठ्या जेट विमानांचे तेथे कामच नाही. हे विमान मात्र तेथे उतरते. हैद्राबादेस स्थायिक झालेले कुटुंब कुलदेवतेच्या दर्शनाला दोन तासांत गोव्यास पोहोचते, ते अशा विमानांच्या जोरावर.

आता त्या विमानाच्या पुढच्या भागात डोकावू. तेथे दोन आसने असतात. डाव्या आसनावर कप्तान बसतो, उजव्यावर सहवैमानिक. दोघांकडेही परवाना असतो, दोघेही विमान उडवितात आणि उतरवितात. परंतु अखेरचा शब्द आणि अखेरची जबाबदारी डाव्या आसनाची. उजवीकडून डावीकडे हे अंतर हातभराचे. ते ओलांडण्यास मात्र वर्षे जातात. वैमानिकाची सारी बढती या हातभर अंतरात सामावलेली आहे.

ही शिडी पायरी पायरीने अशी चढावी लागते. बारावीला गणित आणि पदार्थविज्ञान हे विषय लागतात. वैद्यकीय तपासणी आधी दुसऱ्या वर्गाची आणि मग पहिल्या वर्गाची होते. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा: हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचे तंत्र, शिवाय रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. या परीक्षांच्या जोडीने उड्डाणशाळेत किमान दोनशे तासांचे उड्डाण, त्यांपैकी शंभर तास स्वतःच्या जबाबदारीवर. हे सर्व झाले आणि वयाला अठरा वर्षे पूर्ण असली की व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती पडतो. घरात पेढे वाटले जातात ते बहुधा याच दिवशी. परंतु हा दिवस शिडीच्या तळाचा आहे, हे फार थोड्या घरांना ठाऊक असते.

कारण तो परवाना असला तरी एटीआर किंवा एअरबस चालविता येत नाही. त्या त्या जातीच्या विमानाचे प्रशिक्षण निराळे घ्यावे लागते. त्याला 'टाइप रेटिंग' म्हणतात. जमिनीवरच्या यंत्रात, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, इंजिन बंद पडण्यापासून धुके दाटण्यापर्यंतचे सारे प्रसंग घडवून आणून ते दिले जाते, आणि त्यालाही लाखो रुपये लागतात. त्यानंतर कोणी कंपनीने निवडले तर उजवे आसन मिळते. तेथे बसून तास जमवावयाचे. पंधराशे तास भरले, वय एकवीस पूर्ण झाले आणि आणखी परीक्षा दिल्या की वरच्या श्रेणीचा परवाना मिळतो. तो असल्यावाचून एवढ्या विमानाचे डावे आसन कायद्यानेच मिळत नाही. त्यापुढे कप्तानपदाचे प्रशिक्षण आणि त्याची कसोटी. आणि या सर्वांवर एक अट: कंपनीत डाव्या आसनाची जागा रिकामी हवी.

आमच्या विद्यार्थ्याने येथे एक गंमतीची गोष्ट सांगितली. लहान मार्गांवर तास सावकाश साचतात, पण अनुभव भराभर साचतो. मुंबईहून लंडनला जाणारा सहवैमानिक एका खेपेत नऊ-दहा तास कमावतो आणि त्यात उतरणे एकदाच. हा मात्र दिवसात चार-चार वेळा चढतो-उतरतो, आणि नोंदवहीत पडतात चार-पाच तास. "सर, कोकणातला पाऊस, आडवा वारा आणि आखूड धावपट्टी यांनी मला जे शिकविले ते कोठल्याही सिम्युलेटरने शिकविले नसते," असे तो म्हणाला. शिवाय लहान कंपनी वाढत असेल तर तेथे डावे आसन पुष्कळदा लवकर मिळते. मोठ्या कंपनीच्या लांबलचक यादीत तेच आसन दूर राहते. लहान विमान म्हणजे कमी प्रतीची नोकरी, हा समज आपण मनातून काढून टाकावा. किती वैमानिकांनी आपले हात अशाच विमानांवर बसविले आहेत.

आता कंपनीच्या बाजूने पाहू, कारण त्या बाजूचे गणित कळल्याशिवाय मुलाच्या बढतीचे गणित सुटत नाही. आम्ही ते फळ्यावर मांडून पाहिले. समजा, एक विमान दररोज नऊ तास उडते. वर्षाचे झाले तीन हजार दोनशे पंच्याऐंशी तास. एका वैमानिकाने वर्षात एक हजार तासांहून अधिक उडू नये, असा नियम आहे. आणि रजा, विश्रांती, आजारपण, दर सहा महिन्यांची सिम्युलेटरवरील चाचणी हे सर्व वजा जाता प्रत्यक्षात आठशेच्या आसपास तास हाती लागतात असे धरू. म्हणजे एका विमानाला चार जोड्या तर हव्याच; कोणी अचानक आजारी पडले तर राखीव म्हणून पाचवी. एका विमानामागे पाच कप्तान आणि पाच सहवैमानिक. दोन विमानांची कंपनी असेल तर दहा कप्तान. त्यांतील दोघे एकाच महिन्यात सोडून गेले तर पाचवा हिस्सा गेला, आणि जळगावचे किंवा सोलापूरचे विमान त्या दिवशी रद्द झाले. हजारो वैमानिक पदरी असलेल्या कंपनीला दोन माणसे गेल्याचा पत्ताही लागत नाही.

आणि माणसे जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांच्या खरेदीची घोषणा केली. त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. इतक्या विमानांना कप्तान कोठून आणावयाचे? सहवैमानिक दोन वर्षांत तयार करता येतो. कप्तान तयार होण्यास काळच जावा लागतो. मग जेथे तयार कप्तान असतील तेथून ते घेतले जातात. २०२३ च्या पावसाळ्यात आकासा एअर या नव्या कंपनीचे त्रेचाळीस वैमानिक पूर्वसूचनेचा काळ न भरता निघून गेले, असे त्या कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयास सांगितले होते, आणि तिला अनेक उड्डाणे रद्द करावी लागली होती. कप्तानाने सोडून जाण्यापूर्वी एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची सूचना द्यावी, असा नियम २०१७ मध्ये झाला तो यासाठीच. वैमानिकांना तो जाचक वाटतो. कंपन्यांना अपुरा वाटतो. दोघांचेही आपापल्या जागी खरे आहे.

थोरल्या कंपन्यांनाही हे गणित चुकविता येत नाही, हे डिसेंबर २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात साऱ्या देशाने पाहिले. वैमानिकांचा थकवा अपघाताला कारण होऊ नये म्हणून आठवड्याची विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर नेणारे आणि रात्रीच्या उतरण्यावर मर्यादा घालणारे नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ चा होता. इंडिगोचे वेळापत्रक त्या नियमांत बसेना. हजारो उड्डाणे रद्द झाली. लग्नाचे वऱ्हाड आणि रुग्ण विमानतळांवर अडकून पडले. त्या दिवसांत आमचे टॅक्सीवाले पालकही मोपावर ताटकळत होते. वैमानिक किती आहेत हा प्रश्न केवळ कंपनीचा नसून प्रवाशाचा आणि टॅक्सीवाल्याचाही आहे, हे त्यांना त्या वेळी न सांगता समजले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, वैमानिकांची एवढी टंचाई असेल तर मुलाला खुशाल पाठवावे. फसगत होते ती नेमकी याच ठिकाणी. टंचाई आहे ती डाव्या आसनाची. उजव्या आसनासाठी रांग लागलेली आहे. एकट्या २०२३ सालात महासंचालनालयाने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. परवाना हाती असून विमान हाती नाही, अशी मुले देशभर आहेत. दोनशे तासांचा नवा वैमानिक आणि पाच हजार तासांचा कप्तान यांना 'पायलट' हा एकच शब्द लावल्यामुळे पालकांचा घोटाळा होतो. विहिरीत पाणी पुष्कळ आहे. पोहरे मोजकेच आहेत.

आमच्या त्या माजी विद्यार्थ्याची कथा हीच. तो डिचोली तालुक्यातला. वडिलांचे दोन ट्रक खाणीवर चालत. डिचोली, साखळी, मये, पाळी या भागांत त्या काळी ज्याच्या दारात ट्रक नाही असे घर शोधावे लागे. बँका हप्त्यांवर ट्रक देत, खनिज बार्जमध्ये भरले जाई, आणि हे असेच चालणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ट्रक दारात उभे राहिले. हप्ते उभे राहिले नाहीत. आणि वाचकहो, योग असा की त्याच ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर एअरलाइन्सची विमानेही जमिनीवर आली आणि तिचा परवाना स्थगित झाला. आमचा विद्यार्थी तेव्हा नुकताच परवाना घेऊन घरी आला होता. बापाचा धंदा आणि मुलाच्या धंद्याचे दार, दोन्ही एका महिन्यात बंद झाली. किंगफिशरचे अनुभवी वैमानिक बाजारात आले असता दोनशे तासांच्या पोराला कोण विचारणार? तीन वर्षे तो घरी होता. त्यांतील एक वर्ष त्याने आमच्याच ओळखीने एका खासगी शिकवणीत गणित शिकविले. एक ट्रक विकून टाइप रेटिंगचे पैसे उभे केले तेव्हा कोठे उजवे आसन मिळाले.

नंतरही त्याची परीक्षा संपली नाही. ज्या कंपनीत तो प्रथम लागला ती डबघाईस आली. काही महिन्यांचा पगार राहिला. दुसऱ्या कंपनीत गेला तेव्हा ज्येष्ठतेच्या यादीत पुन्हा शेवटचा. हे ऐकून आम्ही चकित झालो. आमच्या शिक्षण खात्यात काणकोणहून पेडण्यास बदली झाली तरी ज्येष्ठता आपल्याबरोबर येते. सावकाश का होईना, क्रमांक पुढे सरकतो. वैमानिकाची ज्येष्ठता मात्र कंपनीची ठेव असते. कंपनी बदलली की ती मागे राहते. कंपनी बुडाली की तीही बुडते. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. त्या प्रत्येक वेळी चार पट्ट्यांचे कितीतरी कप्तान नव्या यादीच्या तळाशी जाऊन बसले. तास तेवढे कोणी हिरावून घेऊ शकत नाही. नोंदवहीत लिहिलेला तास वैमानिकाचा स्वतःचा. "सर, शिडी कंपनीची असते, पाय आपले असतात," असे आमचा विद्यार्थी बोलून गेला.

लहान कंपन्यांच्या शिडीला तर आणखी एक टेकू लागतो. सरकारची 'उडान' योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली मार्गावर तिचे पहिले विमान उडाले. लहान गावांच्या मार्गांवर ठराविक जागा स्वस्त दराने द्यावयाच्या आणि तोटा तीन वर्षांपर्यंत सरकारने भरून द्यावयाचा, अशी तिची रचना. हेतू उत्तम. परंतु महालेखापालांच्या २०२३ च्या अहवालात असे आढळले की, तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच झाले नाही, आणि तीन वर्षांची मुदत संपल्यावरही टिकून राहिले ते केवळ ५४ मार्ग. मार्ग बंद झाला की विमान दुसरीकडे जाते, आणि त्या विमानामागच्या पाच जोड्यांचेही भवितव्य हलते. मुलाने ज्या पायरीवर पाय ठेवावयाचा ती पायरी कशावर उभी आहे, हे पालकाने पाहिले पाहिजे ते यासाठी.

आता आमच्या चुकीची कबुली. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही डिचोली तालुक्यातील एका शाळेत साहाय्यक शिक्षक होतो. दहावीच्या वर्गातील एका मुलीने निबंधात लिहिले की तिला विमान चालवावयाचे आहे. निबंध सुरेख होता. गणितातही ती पहिली असे. आम्ही तिला बोलावून प्रेमाने समजाविले, "बाय, तुला चष्मा आहे. चष्मेवाल्यांना पायलट होता येत नाही." ती काही बोलली नाही. आम्ही वायुदलाचे कडक नियम आणि नागरी विमानांचे नियम एक केले होते. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या प्रमाणात सुधारत असेल तर नागरी वैमानिक होता येते. रंग मात्र नीट ओळखता आले पाहिजेत. हे आम्हांला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हते. नोव्हेंबर १९८५ मध्येच कप्तान सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कलकत्ता ते सिलचर असे विमान नेले होते, ज्यावरील सारा चमू स्त्रियांचा होता. एका मराठी बाईने डाव्या आसनावर बसून दाखविल्याला तेव्हा दीड दशक लोटले होते. आज भारतातील वैमानिकांत सुमारे पंधरा टक्के स्त्रिया आहेत आणि जगात हे प्रमाण फार वरचे मानले जाते.

ती मुलगी आज एका बँकेत अधिकारी आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात भेटली. हसत म्हणाली, "सर, चष्मा चालतो, हे मला पुढे कॉलेजात कळले. तोवर वय गेले नव्हते, पण घरच्यांचे मन गेले होते. सर नाही म्हणाले, एवढे त्यांना पुरे होते." तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. त्यामुळे ते अधिक लागले. शिक्षकाचा 'नाही' हा शब्द खेडेगावात किती वर्षे टिकतो, हे त्या दिवशी आम्हांला कळले. म्हणूनच या वेळी आम्हांला अडाणी 'नाही' म्हणावयाचे नव्हते, आणि तितकेच अडाणी 'हो'ही म्हणावयाचे नव्हते.

महिना भरल्यावर ते पालक आले. मुलालाही बोलाविले. आम्ही एका कागदावर काही गोष्टी लिहून ठेवल्या होत्या, त्या दोघांना वाचून दाखविल्या. पहिली, एक रुपयाही शुल्क भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. जे शरीर अडवील ते आधी अडवू दे. दुसरी, उड्डाणशाळेत पैसे घालण्यापूर्वी शक्य तितक्या लेखी परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या. त्यांचा खर्च थोडा आणि मुलाची चिकाटी तेथेच कळते. तिसरी, शाळा निवडताना रंगीत पत्रक पाहू नये. विमाने किती, शिक्षक किती आणि दोनशे तास पुरे होण्यास मागच्या मुलांना किती महिने लागले, हे त्या मुलांनाच विचारावे. चौथी, हिशेब परवान्यापाशी थांबवू नये. टाइप रेटिंगचा खर्च आणि नोकरीवाचूनची दोन वर्षे धरूनच एकूण रक्कम मांडावी. पाचवी, कंपनीच्या करारावर सही करण्यापूर्वी किती वर्षे बांधून घेतले आहे आणि सोडल्यास किती भरावे लागेल, हे जाणत्याकडून वाचून घ्यावे. सहावी, बाजूने पदवी पुरी करावी. दर वर्षी ज्याच्या शरीराची तपासणी व्हावयाची आणि पासष्टीला ज्याचे प्रवासी उड्डाण नियमानेच थांबावयाचे, त्याच्या हाती दुसरी विद्या असलेली बरी. आणि सातवी, ज्या घरात आपण निजतो ते घर गहाण टाकू नये.

शेवटची गोष्ट वाचल्यावर वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे नाही म्हणता?" आम्ही म्हणालो, "नाही म्हणत नाही. घर सोडून जेवढे उभे राहील त्यात बसेल असा मार्ग शोधा. एक वर्ष उशीर झाला तरी चालेल. शिडी कोठे जात नाही." मुलगा इतका वेळ खाली पाहत होता. त्याने विचारले, "सर, परीक्षेचे हवामानशास्त्र आमच्या भूगोलाच्या पुस्तकाहून फार कठीण असते काय?" आम्हांला तो प्रश्न फार आवडला. आमच्या माजी विद्यार्थ्याने आपली जुनी पुस्तके त्याला देण्याचे कबूल केले आहे.

पुढची हकीकत थोडीच आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलाची पहिली तपासणी झाली. डोळे, कान, रंग ओळखणे, सर्व ठीक निघाले. वडिलांनी बँकेचे कागद परत केले. बेळगावच्या एका नातलगाने काही रक्कम देऊ केली आहे. एका शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही स्वतः लिहून दिला. परीक्षा होतील, निकाल लागतील, मग पुढचे पुढे. मुलगा डाव्या आसनापर्यंत पोहोचेल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. पोहोचला नाही तरी त्याच्या आईच्या डोक्यावरचे छप्पर राहील, एवढे मात्र खरे.

आमचा तो कागद वडिलांनी टॅक्सीत, पुढच्या काचेशी लावलेल्या भगवतीच्या तसबिरीमागे खोचून ठेवला आहे. प्रवासी कमी असले की दुसऱ्या टॅक्सीवाल्यांनाही तो वाचून दाखवितात, असे ऐकतो. आणि शाळेत प्रार्थनेनंतर विमान गेले की आता मुलांना दटावू नका, असे आम्ही शिक्षकांना सांगून ठेवले आहे. अर्ध्या मिनिटाचा तर प्रश्न असतो.